सावलीतले रंग

सावली कोणत्या रंगाची असते? काळी, असे उत्तर कोणीही चटकन देईल. फ्रान्समधील चित्रकार कामीय पिसारो याचे उत्तर मात्र निराळे होते.

१८८८ साली त्याने रंगविलेले सफरचंदांच्या तोडणीचे चित्र अमेरिकेतील डॅलस येथील संग्रहालयात आहे. एरान्यी या खेड्यातील बागेत एक पुरुष लांब काठीने फांदी हलवीत आहे आणि शेतकरी स्त्रिया खाली पडलेली फळे वेचीत आहेत. १८८४ पासून पिसारो याच खेड्यात राहत होता. चित्रातील झाडाखालची सावली पाहावी, तर तीत निळ्या, जांभळ्या व गुलाबी रंगांचे असंख्य ठिपके दिसतात. चार पावले मागे सरले, की ते ठिपके डोळ्यांत एकमेकांत मिसळतात आणि गार सावली साक्षात उभी राहते.

ही निव्वळ कल्पना नव्हे. सावलीत थेट ऊन पोहोचत नसले, तरी निळ्या आकाशाचा प्रकाश पोहोचतो. म्हणून ती निळसर भासते. वस्तू त्या क्षणीच्या प्रकाशात जशी दिसते तशी रंगविणे, या रीतीस दृक्प्रत्ययवाद म्हणतात. या पंथाची आठ प्रदर्शने १८७४ ते १८८६ या काळात पॅरिसमध्ये भरली. त्या आठही प्रदर्शनांत चित्रे मांडणारा पिसारो हा एकटाच होय.

त्या काळी मोठ्या चित्राचा मान बहुधा देवदेवता, राजे व वीर यांना मिळे. पिसारोने तो वाकून काम करणाऱ्या स्त्रियांना दिला. त्याने त्यांची कीव केली नाही, की त्यांना नटविलेही नाही. नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ साली जन्मलेल्या बी. प्रभा यांची शैली वेगळी. परंतु त्यांनीही कोळिणींना व खेड्यांतील कष्टकरी स्त्रियांना आपल्या चित्रांत मुख्य स्थान दिले.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलांत चैत्राच्या सुमारास पिसारोच्या चित्रासारखेच दृश्य दिसते. मोहाची फुले रात्रीपासून सकाळपर्यंत गळत राहतात. सूर्योदयापूर्वीच स्त्रिया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि एकेक फूल वेचतात. शेतात काम नसते, त्या दिवसांत ही वाळविलेली फुले विकून अनेक घरांत चार पैसे येतात. ऊन चढू लागले, की त्या स्त्रियांच्या पाठीवर कवडसे पडतात. हे काम नेहमीचे, म्हणून पाहणाऱ्याची नजर त्यावरून सहज निसटते. त्या मोहाखालची सावली खरोखर काळी आहे काय, हे एकदा थांबून पाहावे. सावलीतले रंग दिसू लागले, म्हणजे सावलीत राबणारी स्त्रीही दिसू लागते.