रेकॉर्डचा आवाज ‘भारी’ असतो? आधी प्रश्न नीट मांडा

पेटचा इंटरव्ह्यू जवळ आला की बारामती-इंदापूरकडच्या ज्युनिअर्सचा फोन ठरलेला: ‘दादा, विषय आहे, पण रिसर्च क्वेश्चन म्हणजे नक्की काय?’ परवा माहीमच्या ‘द रिव्हॉल्व्हर क्लब’ या रेकॉर्डच्या दुकानात गेलो, तिथे उदाहरणच सापडलं.

आमच्याकडे रेकॉर्ड म्हणजे लग्नातल्या लाउडस्पीकरवाल्याची, तीही थोरल्यांकडून ऐकलेली. इथे माझ्या वयाची पोरं एलपी चाळत होती. शेजारचा म्हणाला, ‘डिजिटलपेक्षा रेकॉर्डचा आवाज भारीच.’ हे झालं मत. याचा प्रश्न कसा करायचा?

आधी खाचेकडे बघा. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, सुरुवातीला आणि शेवटीही तेवढेच. पण कडेचा फेरा मोठा, लेबलजवळचा लहान. १२ इंची एलपीवर कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते, अगदी आत जेमतेम २१. म्हणजे १०,००० हर्ट्झची एक लाट बाहेर ०.०५ मिलिमीटर लांब, आत फक्त ०.०२. एवढ्या दाटीत सुईला ती नीट पकडता येत नाही. बारीक आवाज मंदावतात, ‘स’ चरचरतो. त्याने पहिलं गाणं ऐकलं आणि तुम्ही शेवटचं, तर दोघं उगाच भांडाल.

शिवाय जे किंचित मोठ्याने वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. आणि काय वाजतंय हे त्याला दिसतंय!

मग प्रश्न असा होतो: एकाच मास्टरवरून आलेलं तेच गाणं, तोच अ‍ॅम्प्लिफायर, मोजून सारखा केलेला आवाज, मध्ये पडदा, ऐकणाऱ्याला रेकॉर्ड ओळखता येते का? १० पैकी ५ वेळा ओळखली तर ते नाणेफेकीसारखंच. ९ किंवा जास्त वेळा निव्वळ नशिबाने जमण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास. आवडते का, हा पुढचा प्रश्न. तो यात मिसळू नका.

मी हे महागात शिकलोय. दुसऱ्या वर्षी कंट्रोल सॅम्पलची रीडिंग्ज सगळी सकाळी घेतली, बाकीची दुपारी. जो ‘इफेक्ट’ गाइडना दाखवायला धावलो तो लॅबमधला उकाडा होता. दोन महिने पाण्यात.

त्या पोराला पडद्याची टेस्ट सुचवली. म्हणाला, ‘करू की, पण शेवटचं गाणं नको.’