रोज 15 मिलिमीटर? छे!

पहिली सर पडली रे पडली की ग्रुपवर मेसेज येतोच, ‘चला, महाबळेश्वर!’ मग कुणीतरी शोधून सांगतं की तिथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सगळे ‘बापरे!’ म्हणतात आणि विषय संपतो. पण या आकड्याला 365 ने भागून बघा. दिवसाला 15 मिलिमीटर येतात, म्हणजे बारा महिने रोज एक बऱ्यापैकी सर. असं महाबळेश्वर पाहिलंय कुणी?

कारण तिथला पाऊस असा हप्त्याहप्त्याने पडतच नाही. जानेवारी ते मार्च जवळजवळ कोरडे. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या थोड्या सरी. जूनमध्ये मान्सून आला की गाव धुक्यात गडप. एकट्या जुलैत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि ऑगस्टही फार मागे नसतो. सप्टेंबरात जोर ओसरतो, ऑक्टोबरात परतीच्या सरी, आणि मग पुन्हा कोरडं. वर्षातला नव्वद टक्क्यांहून जास्त पाऊस या चारच महिन्यांत पडून जातो.

पावसाच्या तालावर

इथलं जगणंही त्याच तालावर चालतं. स्ट्रॉबेरीचंच घ्या. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड होते आणि हिवाळ्यापासून फळ हाती येतं. जुलैत शेतात स्ट्रॉबेरी शोधायला गेलात, तर फक्त चिखल भेटेल.

इंग्रजांनाही हे गणित पक्कं कळलं होतं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला मुक्काम करायचा आणि पावसाळा लागला की पुण्याला यायचा. पुण्याच्या विद्यापीठाची मुख्य इमारत, जिच्यासमोर आज सगळे फोटो काढतात, ती मुळात त्याच्या याच मुक्कामासाठी बांधलेली.

पुणंच का? कारण ते पर्जन्यछायेत येतं. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. पलीकडे उतरेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. पुण्याची वर्षाची सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर. अगदी महाबळेश्वरचा घाट उतरून वाईला आलात, तरी तासाभराच्या अंतरात आकडा हजाराच्या आत येतो.

एका दिवसाचा आकडा

सरासरी आणखी एक गोष्ट लपवते, ती म्हणजे एखादा भयंकर दिवस. 23 जुलै 2021 च्या सकाळी साडेआठला संपलेल्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्याच्या अख्ख्या वर्षाच्या पावसाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग एका दिवसात! महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी महाडकडे उतरते. त्याच दिवसांत महाडमध्ये पूर आला आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. ‘जुलैत तिथे पाऊस असतोच’ हे वाक्य खरं असलं, तरी अशा दिवशी ते कुणाला वाचवत नाही.

मग पाणी जातं कुठे?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशोबाने महाबळेश्वरात शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला साडेपाच लाख लिटर पाणी पडतं. तरीही सह्याद्रीच्या माथ्यावरच्या कितीतरी वाड्या-वस्त्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. उतार तीव्र, खाली कठीण कातळ. चार महिन्यांत आलेलं पाणी तितक्याच वेगाने खाली वाहून जातं. पाऊस कमी पडत नाही, तो पुढचे आठ महिने पुरवायचा कसा, हा प्रश्न आहे. छपराचं पाणी टाकीत साठवणं हे त्याचं एक साधं उत्तर.

निघण्याआधी एवढं बघा

- वर्षाची सरासरी नको, ज्या महिन्यात जाताय त्या महिन्याची बघा.
- हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिमीपासून ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.5 पासून पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. इशाऱ्यात हे शब्द दिसले की त्यामागचा आकडा आठवा.
- घाटाला रेड अलर्ट असेल, तर बेत पुढे ढकला. बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील.
- आणि हो, आपल्या स्वतःच्या गावाचा महिनावार पाऊसही एकदा शोधून ठेवा. पाण्याची टाकी केवढी हवी, पेरणी कधी, लग्नाचा मांडव कुठल्या महिन्यात, सगळं त्यावरच तर ठरतं!