उलट्या आट्यांच्या गाड्या

मुंबई–आग्रा रस्त्यावर भिवंडीच्या अलीकडे-पलीकडे कुठे जुन्या डॉजचं डावं चाक बसलं, की पंक्चरवाला आणि गाडीमालक यांची खडाजंगी ठरलेली. पंक्चरवाला वर्षानुवर्षांच्या सवयीने पाना घड्याळाच्या उलट दिशेला ओढतो. नट हलत नाही. मग तो पान्याला पाइप लावतो, पाइपवर उभा राहून दोन झोके देतो, आणि नट सुटायच्या ऐवजी स्टडच तुटून हातात येतो. दोष त्याचा नाही. डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या क्रायस्लर घराण्याच्या गाड्यांना डाव्या चाकांवर कित्येक दशकं उलटे आटे असत. चाक फिरता फिरता नट सैल होऊ नये, हा त्यामागचा हिशेब. १९७०च्या सुमारास कंपनीलाच तो अनावश्यक वाटला आणि आटे सरळ झाले.

तुटलेला स्टड नव्याने करून घ्यायला मात्र भिवंडीइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. यंत्रमागाचं गाव. इथले धोट्याचे साधे माग पुष्कळदा मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. त्यांचे मूळ कारखानदार कधीच काळाच्या उदरात गेले, सुटा भाग मागवायला पत्ताच उरला नाही. तेव्हा गावातल्या लेथवाल्यांनी, ओतकामवाल्यांनी आणि वेल्डरांनीच नमुना समोर ठेवून गिअर, बुश, शाफ्ट करायला सुरुवात केली, आणि त्यावर एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. जुन्या अमेरिकन गाडीच्या मालकाचं दुखणं नेमकं हेच असतं. तुटका भाग नमुना म्हणून ठेवला, की लेथवाला गाडीचं नाव विचारत नाही. मोजमाप मिलिमीटरमध्ये नसून इंचात आहे आणि आटे उलटे आहेत, एवढं सांगितलं की पुरे.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा? बहुतेकांना वाटतं, राजेरजवाडे आणि सिनेनट यांनी बोटीतून आणल्या. काही तशा आल्याही. पण मोठा साठा मुंबईतच जोडला गेला. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. त्यांच्या पाठोपाठ फोर्डही मुंबईत जुळणी करू लागली. १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लरशी करार केला. कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो बाहेर पडू लागल्या. तिघी बहिणीच म्हणायच्या: पत्रा जवळजवळ तोच, साइड व्हॉल्व्हचं सहा सिलिंडरचं इंजिन तेच, फरक समोरच्या जाळीत आणि नावाच्या पट्टीत.

पुढे सरकारने धोरण बदललं. नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम द्या, असं १९५३ साली ठरलं, आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. नव्या अमेरिकन गाडीचा रस्ता जवळपास बंद झाला. उरली एक फट. परदेशी वकिलातींतले अधिकारी स्वतःची गाडी घेऊन येत, आणि बदली झाली की ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जाई. ज्या इंपाला गाड्यांचं नाव मराठी घरांत श्रीमंतीची खूण म्हणून घेतलं जाई, त्यांतल्या पुष्कळ याच वाटेने आल्या.

मग १९७३चं तेलसंकट आलं. पेट्रोल ज्या वेगाने महागलं, त्या वेगाने आठ सिलिंडरची गाडी दारातला पांढरा हत्ती झाली. विकायची तर घेणार कोण? तेव्हा आपल्या मेकॅनिकांनी जे केलं त्याचा इतिहास कुणी नीट लिहिलेला नाही. त्यांनी गाड्यांना डिझेल बसवलं. कधी पर्किन्सचं, पुढे मॅटाडोरचं इंजिन. ज्या इंजिनाने टेम्पो ओढायचा, ते सहा माणसांच्या लांबलचक गाडीत जाऊन बसलं. गाडी धडधडू लागली, धूर ओकू लागली, घाटात दम टाकू लागली, पण धावती राहिली. जी धावती राहिली ती भंगारात गेली नाही.

आज अशी गाडी पुन्हा मूळ रूपात आणायला कुणी घेतली, की बॉनेट उघडल्याबरोबर सगळी कहाणी समोर येते. इंजिन आणि बैठक यांच्यामधला पत्रा छिन्नीने कापलेला असतो, कारण डिझेल इंजिन मागे मावत नव्हतं. इंजिनाचे मूळ पाये उडवून तिथे गॅस वेल्डिंगने लोखंडी अँगल जोडलेला. रेडिएटर पुढे सरकवलेला. डॅशबोर्डवर हीटर प्लगचं एक जादा बटण. हँडल गिअरच्या कांड्या वाकवून वाकवून कशाबशा पोचवलेल्या. वायरिंगची तर बातच नको. क्रायस्लरच्या गाड्या १९५५पर्यंत सहा व्होल्टच्या होत्या आणि त्यांत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असे, म्हणजे आज वायरमन जे शिकून येतो त्याच्या बरोब्बर उलट. मध्ये कुणीतरी बारा व्होल्ट केलेलं असतं, आणि अर्धे काटे कायमचे झोपलेले असतात.

हे सगळं पुसून गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची, हा आजचा शिरस्ता. प्रदर्शनांत गुणही त्यालाच मिळतात. तरी या शिरस्त्याबद्दल थोडी शंका घ्यायला जागा आहे. तो वेडावाकडा अँगल हाच त्या गाडीचा भारतातला इतिहास. तो नसता तर दुरुस्त करायला गाडीच उरली नसती. अमेरिकेतही आता डागडुजी न करता जशाच्या तशा राहिलेल्या गाड्यांचा वेगळा गट काही प्रदर्शनांत असतो. आपल्याकडे निदान कापाकापी करण्यापूर्वी फोटो काढून ठेवले, डिझेल इंजिनाचा नंबर वहीत टिपला, तरी पुष्कळ झालं.

स्पोर्ट्स गाड्यांची गोष्ट निराळी. फोर्डची मस्टँग १७ एप्रिल १९६४ला न्यू यॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली, २,३६८ डॉलरपासून पुढे, आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे तेव्हा आयातीला कुलूप, त्यामुळे त्या काळातली मस्टँग इथे दुर्मीळच. जी आहे ती मूळची डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, कारण उजव्या स्टिअरिंगची मस्टँग कारखान्यातून यायला २०१५ उजाडलं. भारतात फोर्डने ती अधिकृतपणे विकायला काढली २०१६ साली. मोटार वाहन कायद्याचं कलम १२० डाव्या स्टिअरिंगला सरसकट मनाई करत नाही. चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेचं इशारायंत्र असलं, तर सूट देतं. तरी जुन्या मालकांनी काही गाड्या कापून स्टिअरिंग उजवीकडे नेलं, आणि ते काम नीट झालंय की नाही, हे पहिल्या वळणावर कळतं.

जुनी मस्टँग घेताना जाणकार पहिल्यांदा इंजिन बघत नाही. तो बादलीभर पाणी मागतो. पुढच्या काचेखाली हवा आत घेण्यासाठी जाळी असते आणि तिच्याखाली पत्र्याची बंद पेटी. पावसाचं पाणी त्या पेटीतून बाजूने निघून जावं, अशी योजना. पण पेटीच्या आतल्या पत्र्याला कारखान्यात धड रंगच लागलेला नसे. पाला-कचरा साचतो, ओल धरते, पत्रा चाळण होतो, आणि पाणी थेट चालकाच्या पायांवर ठिबकतं. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात याचं काय होत असेल ते सांगायला नको. दुरुस्तीसाठी स्पॉट वेल्डचे टिपके एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात, तेव्हा कुठे वरचा पत्रा उचलता येतो. गंमत म्हणजे, भागांच्या बाबतीत मस्टँगवाला सुखी. अमेरिकेत तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनतो, अख्खा सांगाडासुद्धा. रडारड होते ती कस्टम ड्युटी भरताना.

शेव्हर्लेच्या कॉर्व्हेटला बाहेरून गंज चढत नाही. १९५३ साली पहिल्या वर्षी तिच्या फक्त ३०० गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या, आणि त्यांचं अंग फायबर ग्लासचं. इथे डेंटरचा हातोडा निरुपयोगी. काम जमतं ते फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्याला, ज्याच्या हाताला रेझिन आणि काचेची चटई सवयीची आहे. पण १९६३पासून कॉर्व्हेटच्या बैठकीभोवती लोखंडी पिंजरा आला, आणि गंज तिथे कुणाला न दिसता बसतो. वरचं अंग चकाचक आणि आतली हाडं पोकळ, अशी गाडी गळ्यात पडू शकते.

अलीकडे एक नवी डोकेदुखी पेट्रोलपंपावरच मिळते. शिसंयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं. जुन्या इंजिनांच्या मऊ बिडाच्या व्हॉल्व्ह सीट शिशाच्या आधारावर टिकत, म्हणून त्या कडक धातूच्या करून घ्याव्या लागल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं खातं, शिवाय हवेतली ओल ओढतं. टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन अडकतो. महिन्यातून एकदा फिरणाऱ्या गाडीला हे जास्त बाधतं.

कागदपत्रांचं प्रकरण २०२१ साली जरा सुधारलं. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी केंद्राने वेगळे नियम केले: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, आणि मालकांचा जीव त्या जुन्या मुंबई मालिकेच्या पाटीतच जास्त अडकलेला असतो. अशी गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

आयातीचा नियमही मजेशीर आहे. जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची हवी. त्यानंतर भारताचं दार तिच्यापुढे बंद होतं, ते उघडतं थेट पन्नाशीला. पूर्वी ही सवलत १९५०च्या आधीच्या गाड्यांनाच होती. २०२५ साली ती पन्नास वर्षांच्या सरकत्या हिशेबावर आली, त्यामुळे साठीच्या दशकातल्या मस्टँग आणि कॉर्व्हेट आता ड्युटी भरून रीतसर आणता येतात. ज्यांचा जीव पॉन्टिअॅक फिएरोवर जडलाय, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिकचं अंग आणि पाठीमागे इंजिन असलेल्या १९८४च्या त्या दोन माणसांच्या गाडीवर, त्यांना २०३४ची वाट बघावी लागेल. सस्पेन्शन सुधारलेलं १९८८चं शेवटचं मॉडेलच हवं असेल, तर २०३८ची.