गॉल्फमधील टी-फटक्याचे दिशानियंत्रण

गॉल्फमध्ये प्रत्येक होलचा पहिला फटका ज्या आखलेल्या जागेवरून मारतात, तिला टी म्हणतात. चेंडू ज्या लहान खुंटीवर ठेवतात, तिलाही हेच नाव आहे. लांब पल्ल्याच्या होलवर हा फटका बहुधा ड्रायव्हर या क्लबने मारतात. चेंडू २३० मी. जाणार असेल, तर दिशेतील केवळ ३° च्या फरकाने तो सु. १२ मी. बाजूला पडतो. तो हद्दीबाहेर गेल्यास एका फटक्याचा दंड होऊन मूळ जागेवरून पुन्हा खेळावे लागते. म्हणून या फटक्यात अंतराइतकेच दिशेलाही महत्त्व आहे.

क्लब व चेंडू यांचा संपर्क सु. १/२,००० सेकंद टिकतो. एवढ्या अवधीत कोणतीही दुरुस्ती शक्य नसते. दिशा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : आघाताच्या क्षणी क्लबचे मुख कोणीकडे वळलेले आहे आणि क्लबशीर्ष कोणत्या मार्गाने जात आहे. चेंडू प्रथम क्लबच्या मार्गाने निघतो व नंतर मुखाच्या दिशेकडे वळतो, असे पूर्वी अनेक पुस्तकांतून शिकवीत. २००० नंतर प्रचारात आलेल्या रडार उपकरणांच्या मोजमापांनी ही समजूत चुकीची ठरविली. ड्रायव्हरच्या फटक्यात चेंडूची आरंभदिशा सु. चार पंचमांश मुखावर अवलंबून असते, तर मुख व मार्ग यांच्यातील कोनामुळे चेंडू पुढे हवेत वळतो.

चेंडूला मिळणाऱ्या मागील फिरकीमुळे तो हवेत अधिक काळ राहतो, हे एडिंबर्ग विद्यापीठातील भौतिकीविज्ञ पी. जी. टेट यांनी १८९० नंतरच्या दशकात दाखवून दिले. मुख व मार्ग जुळत नसतील, तर या फिरकीचा अक्ष एका बाजूस कलतो आणि चेंडूला वर उचलणारी प्रेरणाही त्या बाजूस झुकते. ड्रायव्हरच्या मुखाचा तिरपेपणा कमी, बहुधा ८° ते १२°, असल्याने तेवढ्याच चुकीने त्याचा चेंडू आखूड क्लबच्या चेंडूपेक्षा अधिक वळतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचे मुख मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडे राहिल्यास चेंडू उजवीकडे वळतो; यास स्लाइस म्हणतात. मुख मिटलेले असल्यास तो डावीकडे वळतो. यास हुक म्हणतात. यांच्या सौम्य व हेतुपूर्वक मारलेल्या प्रकारांना अनुक्रमे फेड व ड्रॉ अशी नावे आहेत. डावखुऱ्या खेळाडूच्या बाबतीत बाजू उलट होतात. नवशिक्यांत स्लाइस सर्वांत अधिक आढळतो. त्यावर उपाय म्हणून खेळाडू खांदे आणखी डावीकडे वळवितो. परंतु त्यामुळे मार्ग अधिकच डावीकडे जातो, मुखाशी होणारा कोन वाढतो आणि दोष बळावतो. चेंडू कोठे पडला यापेक्षा तो कसा निघाला व कसा वळला हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. आरंभदिशा मुखाची, तर वळण मुख व मार्ग यांच्या परस्परसंबंधाची खूण असते.

आघात मुखाच्या मध्यावर न झाल्यास हे गणित बिघडते. मुखाच्या टोकाकडे चेंडू लागला, तर क्लबशीर्ष किंचित फिरते आणि चेंडूला विरुद्ध दिशेची फिरकी मिळते. याची अंशतः भरपाई व्हावी म्हणून ड्रायव्हरचे मुख थोडे बहिर्वक्र ठेवतात.

मुख नियंत्रित करण्याचे प्रमुख साधन पकड हे होय. उजव्या हाताच्या खेळाडूने दोन्ही हात दांड्यावर थोडे उजवीकडे फिरवून धरल्यास मुख मिटण्यास मदत होते. चेंडू सामान्यतः डाव्या टाचेच्या समोर ठेवतात. तो फार पुढे गेल्यास आघातापूर्वीच क्लब डावीकडे वळू लागतो. खांदे, कंबर व पावले लक्ष्यरेषेला समांतर असावीत. चेंडू दोन खुणांच्या दरम्यान कोठेही ठेवता येतो. उजवीकडे वळणारा चेंडू मारणारा खेळाडू टीच्या उजव्या कडेवरून डावीकडे नेम धरतो. त्यामुळे त्याला मैदानाची अधिक रुंदी मिळते.

चेंडू अगदी सरळ मारणे श्रेष्ठ खेळाडूंनाही क्वचितच साधते. अमेरिकन खेळाडू बेन होगन (१९१२–९७) यांना प्रारंभी हुकचा त्रास होता. पुढे त्यांनी भरवशाचा फेड साध्य केला आणि १९५३ मध्ये तीन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. वळण पूर्णपणे टाळण्यापेक्षा ते एकाच बाजूस व ठराविक प्रमाणात राखणे, हेच दिशानियंत्रणाचे व्यवहार्य उद्दिष्ट ठरते.