प्रभातच्या आठवणींची पाठशुद्धी

प्रभात फिल्म कंपनीचे प्रत्यक्ष आयुष्य अवघे चोवीस वर्षांचे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ती सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्यास आली आणि १९५३ मध्ये कायमची बंद पडली. मात्र तिच्याविषयीच्या आठवणी, किस्से आणि बारीकसारीक माहिती यांचे चलन मराठी घरांत आजही थांबलेले नाही. पडद्यावर तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे बोधचिन्ह पाहताच पुढचा चित्रपट कोणता, त्यात कोणी काम केले आणि चित्रीकरणाच्या वेळी काय घडले हे सांगू लागणारी मंडळी मुंबई-पुण्याइतकीच मराठवाड्यातही भेटतात. चित्रपटाच्या इतिहासाची लेखी साधने आपल्याकडे तुटपुंजी असल्यामुळे रसिकांच्या या मौखिक ठेव्याचे मोल मोठे आहे. तो तपासून, पारखून आणि त्यातील पाठभेदांसह नोंदवून ठेवण्याची वेळ आता आली असून, पैठणच्या भूमीशी नाते सांगणाऱ्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा या कामावर विशेष अधिकार आहे.

पाच भागीदार, एक नगरी

विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे प्रभातचे पाच भागीदार होत. यांपैकी पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले, तर कुलकर्णी हे भांडवल उभे करणारे होते. ‘गोपालकृष्ण’ या मूकपटाने, म्हणजे ध्वनीविरहित चित्रपटाने, कंपनीने प्रारंभ केला आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून ती बोलपटांकडे वळली. पुण्याच्या एरंडवणे भागात उभारलेल्या स्टुडिओत चित्रीकरणाचे मंच, ध्वनिमुद्रण, रसायनशाळा, रंगभूषा, वेशभूषा आणि सुतारकाम हे सारे एकाच आवारात चाले, आणि नटांपासून कामगारांपर्यंत बहुतेक सर्वजण मासिक पगारावर असत. चित्रपटनिर्मितीच्या या बांधणीला स्टुडिओ पद्धत म्हणतात. हॉलिवूडमध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरसारख्या कंपन्या याच पद्धतीने चालत.

त्या अमेरिकी कंपनीने १९७० मध्ये आपल्या कोठारातील कपडे आणि वस्तू लिलावात काढल्या, तेव्हा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ मधील लाल पादत्राणांचा एक जोड पंधरा हजार डॉलरला विकला गेला. कंपनीच्या लेखी अडगळ ठरलेली वस्तू रसिकांच्या लेखी ठेवा होती, हे त्या लिलावाने दाखवून दिले. प्रभातच्या वस्तूंना असे ग्राहक लाभले नाहीत, तरी जागेचे नशीब बलवत्तर ठरले. १९६० मध्ये त्याच आवारात आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया सुरू झाली आणि शेजारच्या रस्त्याला प्रभात रस्ता हे नाव कायम राहिले.

पडद्यावरचे पैठण

संतचरित्रे हे प्रभातचे मोठे वैभव, आणि त्यांपैकी दोन चित्रपटांची मुळे थेट गोदाकाठी पोहोचतात. १९३५ चा ‘धर्मात्मा’ हा पैठणच्या एकनाथ महाराजांवरचा चित्रपट. स्त्रीभूमिकांनी मराठी रंगभूमीवर अधिराज्य गाजवणाऱ्या बालगंधर्वांनी त्यात पुरुषवेषात, साक्षात नाथांच्या भूमिकेत, पडद्यावर पदार्पण केले. दिग्दर्शन शांतारामांचे आणि संगीत मास्टर कृष्णरावांचे होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबाच्या घरी नाथ जेवले, ही परंपरेने जपलेली कथा या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ असे होते. त्या काळात हे संबोधन ऐकताच कोणाची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राही हे ब्रिटिश अमदानीतील सेन्सॉरला, म्हणजे चित्रपट परीक्षण करणाऱ्या सरकारी यंत्रणेला, पक्के ठाऊक असल्याने ते नाव बदलावे लागले. याआधी शिवचरित्रावरील ‘स्वराज्याचे तोरण’ या मूकपटालाही सेन्सॉरच्या आक्षेपामुळेच ‘उदयकाल’ हे नाव घ्यावे लागले होते.

दुसरा चित्रपट १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’. पैठणपासून जवळच असलेले आपेगाव हे ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे गाव, आणि शुद्धिपत्रासाठी भावंडांनी ज्यांच्यापुढे हात जोडले ती ब्रह्मसभा पैठणची. रेड्यामुखी वेद आणि चालती भिंत हे प्रसंग श्रद्धावान प्रेक्षकाला पटतील आणि चिकित्सक प्रेक्षकालाही खिळवून ठेवतील अशा रीतीने उभे करणे, ही दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाची कसोटी होती, आणि त्या काळच्या मर्यादित साधनांनिशी त्यांनी साधलेले हे चमत्कार आजही रसिकांच्या बोलण्यात पहिल्यांदा निघतात.

या चित्रपटाविषयी आवर्जून सांगितली जाणारी आणखी एक गोष्ट अशी, की ज्ञानेश्वरांची भूमिका करणारे शाहू मोडक हे ख्रिस्ती होते, आणि ज्यांच्या कलादृष्टीतून या संतपटांचे वाडे, घाट आणि देवळे साकारली ते ‘साहेबमामा’ फत्तेलाल मुसलमान होते. वारकरी संतांची जी रूपे मराठी मनात घट्ट बसली, ती अशा अनेक हातांनी घडवलेली आहेत. भानुदास-एकनाथांच्या पैठणला आणि सुफी दर्गे अंगाखांद्यावर वागवणाऱ्या खुलताबादला एकाच जिल्ह्यात नांदताना पाहणाऱ्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. समाधान मात्र निश्चित वाटेल.

एकाच गोष्टीचे अनेक पाठ

रसिकांच्या आठवणी बहुधा खऱ्या गाभ्याभोवती वाढलेल्या असतात. सांगणाऱ्यागणिक त्यांत भर पडते, आणि गाभा कोणता व भर कोणती हे वेगळे करणे हेच अभ्यासकाचे काम असते. ‘सैरंध्री’ हा १९३३ चा चित्रपट भारतातील पहिला रंगीत चित्रपट होता असे प्रभातप्रेमी अभिमानाने सांगतात, तर इतर ठिकाणी तो मान १९३७ च्या ‘किसान कन्या’ला दिलेला आढळतो. दोन्ही विधानांत तथ्य आहे. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या होत्या आणि त्यांतील रंग मनासारखे उतरले नाहीत, तर ‘किसान कन्या’वरील रंगप्रक्रिया भारतातच झाली होती. ‘पहिला’ या शब्दाआधी नेमके विशेषण घातले की वाद मिटतो.

‘अमृतमंथन’ पाहिलेल्या मंडळींत क्रूर राजगुरूच्या भूमिकेवरून होणारा मतभेदही असाच सुटतो. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहन यांनी केली आणि टेलिफोटो भिंगाने, म्हणजे दूरची वस्तू जवळ आणून दाखवणाऱ्या भिंगाने, टिपलेला त्यांचा पडदाभर डोळा अजरामर झाला. मराठी आवृत्तीत मात्र राजगुरू झाले ते केशवराव दाते. प्रभातचे बरेच बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत, काही वेळा वेगवेगळे नट घेऊन, निघत असत, हे ध्यानात ठेवले तर दोन वडीलधाऱ्यांच्या परस्परविरोधी आठवणी एकाच वेळी बरोबर असू शकतात.

या साऱ्यांत सर्वांत उद्बोधक उदाहरण १९३६ च्या ‘संत तुकाराम’चे आहे. विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केलेला हा चित्रपट मुंबईत ५७ आठवडे चालला आणि १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याचा विशेष गौरवपूर्वक उल्लेख झाला. या उल्लेखाचे ‘जगातील तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांपैकी एक’ असे रूपांतर पुढे सर्वतोमुखी झाले. चित्रपटाच्या थोरवीला अशा ठिगळाची गरज नाही. तुकोबांच्या पत्नीचे काम करणाऱ्या गौरी या प्रभातमध्ये किरकोळ कामावर लागलेल्या बाई होत्या. संसाराचा गाडा ओढताना कावलेली, देवाला तोंडावर सुनावणारी आणि तरीही नवऱ्याला उपाशी न ठेवणारी आवली त्यांनी अशी उभी केली, की मुरलेल्या नटांनाही तिच्यापुढे सांभाळून राहावे लागले असते.

याच चित्रपटातील बीजाच्या दृष्टांताचा अभंग तुकोबांचाच आहे, असे मानून तो भजनात गाणारे आजही पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात तो कवी शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिला होता आणि गाथेत तो सापडत नाही. तुकोबांच्या रचना आपल्या नावावर खपवणारा सालोमालो ज्या चित्रपटात खलपुरुष म्हणून दाखवला आहे, त्याच चित्रपटातील नव्या कवीची रचना लोकांनी आपण होऊन तुकोबांना अर्पण करावी, यात आठवल्यांच्या प्रतिभेचा केवढा तरी सन्मान आहे. म्हणूनच त्यांचे नाव त्या अभंगाशी पुन्हा जोडले जाणे अगत्याचे ठरते.

गोडव्यापलीकडचे

रसिकांच्या स्मृतीचा ओढा स्वभावतः गोड गोष्टींकडे असतो. प्रभातमध्ये एकाच काळी उमेदवारी करणारे देव आनंद आणि गुरुदत्त यांच्या सदऱ्यांची धोब्याकडे अदलाबदल झाली आणि त्यातून मैत्री जुळली, ही कथा याच वर्गातली. दोघांपैकी जो आधी मोठा होईल त्याने दुसऱ्याला संधी द्यावी असे त्यांचे ठरले होते, आणि पुढे ‘बाजी’ व ‘सी. आय. डी.’ या चित्रपटांच्या रूपाने दोघांनीही तो शब्द पाळला. ‘कुंकू’ मध्ये पार्श्वसंगीताला फाटा देऊन केवळ दृश्यातल्याच ध्वनींवर साधलेला परिणाम, आणि शांता आपटे यांनी त्यात गायिलेली लाँगफेलोची इंग्रजी कविता, याही अशाच लाडक्या आठवणी आहेत.

मात्र त्याच शांता आपटे यांनी १९३९ मध्ये वेतन आणि करार यांच्या प्रश्नावरून स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केले होते, ही गोष्ट फारशी कोणी काढत नाही. मासिक पगाराची हमी देणारी पद्धत कलावंताला करारात जखडूनही ठेवत असे, याचा तो ढळढळीत पुरावा होता. शांतारामांनी १९४२ मध्ये कंपनी सोडली, दामले १९४५ मध्ये निवर्तले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हे वैभव उतरणीला लागले. प्रभातवर ज्यांचे अलोट प्रेम आहे त्यांनीच हा भाग अधिक काळजीपूर्वक सांगायला हवा, कारण ‘कुंकू’ मधील नायिका नीरेचा निर्धार आणि फाटकाशी बसलेल्या अभिनेत्रीचा निर्धार शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय प्रभातचे मोठेपण आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी समजत नाहीत.

नाथांनी घालून दिलेला पाठ

जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील प्रभातच्या जुन्या आवारातल्या फिल्मकोठाराला आग लागली आणि नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. नायट्रेट फिल्म म्हणजे जुन्या काळी वापरात असलेली, सहज पेट घेणारी चित्रपट्टी. प्रभातच्या काही चित्रपटांच्या मूळ प्रतीही तीत नष्ट झाल्या. आधीच काढून ठेवलेल्या प्रतींमुळे हे चित्रपट पाहता येतात, तरी जे गेले ते गेलेच. वस्तू अशा रीतीने नाहीशा होत असताना पाहणाऱ्यांच्या आठवणी हे दुय्यम साधन राहत नाही. बापू वाटवे यांचे ‘एक होती प्रभातनगरी’, आठवल्यांचे ‘प्रभातकाल’, शांतारामांचे ‘शांतारामा’ आणि दुर्गाबाईंचे ‘मी, दुर्गा खोटे’ ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तर एकाच घटनेचे निरनिराळे कोन दिसू लागतात, आणि सामान्य प्रेक्षकांच्या आठवणींनाही त्याच पंक्तीत बसवून तोच कस लावता येतो.

या कामाचा वस्तुपाठ पैठणलाच घालून दिलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रचारातील प्रतींमध्ये अपपाठ शिरले आहेत हे पाहून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, असे बजावले. अपपाठ म्हणजे नकलाकारांच्या चुकीने किंवा हौसेने मूळ संहितेत शिरलेला मजकूर, आणि तो दूर करणे म्हणजे पाठशुद्धी. ग्रंथावर नितांत भक्ती असणारा माणूसच त्याची सर्वांत कठोर तपासणी करतो, हे नाथांनी कृतीने दाखवले.

अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे छत्रपती संभाजीनगरात चित्रपटाकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहणारा प्रेक्षक तयार होत आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापनही चालते. निजामी राजवटीत, उर्दू ही राज्यकारभाराची भाषा असताना, या भागातील मराठी माणसाने मराठी बोलपट कोठे पाहिले, कोणाबरोबर पाहिले, नाथांना आणि ज्ञानोबांना पडद्यावर पाहून घरात कोणते बोलणे झाले, हे घराघरांतून विचारून, सांगणाऱ्याचे वय, गाव आणि ऐकीव की स्वानुभव याच्या नोंदीसह टिपून ठेवता येईल. चित्रपट प्रत्यक्ष पाहिलेली पिढी जवळजवळ संपली असली, तरी तिच्याकडून ऐकलेली मुले-नातवंडे आज हयात आहेत. हे काम पुढच्या पिढीवर ढकलले तर तिच्या हाती विचारण्यासारखे कोणी उरणार नाही, म्हणून ते याच पिढीने हाती घेतले पाहिजे.