गोमंतकीय हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’ : मूर्तीचें वाचन

जुन्या संग्रहांत हस्तिदंताची एखादी वीतभर मूर्ति कधीं कधीं दृष्टीस पडते. मिटल्या डोळ्यांचें बालक, गाल उजव्या तळहातावर टेकलेला, पायांची आढी घातलेली. पाहणारा तिला बुद्धाची म्हणून मोकळा होतो. आमच्या अध्यापनकाळांत आम्हींही अशा एका मूर्तीचें छायाचित्र विद्यार्थ्यांस बुद्धाचें म्हणून दाखविलें होतें. तो प्रमाद येथें दुरुस्त करणें आम्हांस प्राप्त आहे. ही मूर्ति बाल येशूची असून अशा मूर्ति सतराव्या व अठराव्या शतकांत गोव्याकडे घडल्या.

प्रथम चिन्हें पाहावीं. अंगांत लोकरीचा अंगरखा, कमरेस पाण्याचा भोपळा व झोळी, खांद्यावर एक कोकरूं व मांडीवर दुसरें. योहानकृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायांत येशू स्वतःस उत्तम मेंढपाळ म्हणवितो, तोच हा. मूर्ति पूर्ण असल्यास बालक टप्प्याटप्प्यांच्या डोंगराच्या माथ्यावर बसलेलें असतें. मधल्या टप्प्यावर झरा असून पक्षी वा मेंढरें त्याचें पाणी पितात. पायथ्याच्या गुहेंत मारिया माग्दालेना आडवी होऊन ग्रंथ वाचीत असते. पश्चात्तापाकडून जीवनजलाकडे व तेथून तारकाकडे, असा हा अर्थ खालून वर वाचावयाचा आहे.

आतां बुद्धाविषयीं. ध्यानस्थ बुद्धाचे हात मांडीवर एकावर एक असतात; येथें तसें नाहीं, व पद्मासनही नाहीं. तळहातीं गाल टेकणें हें संस्कृत काव्यांत चिंतेचें व विरहाचें लक्षण, तर युरोपीय चित्रांत निद्रेचें व विषादाचें. यास्तव कांहीं विद्वानांनीं सुचविलेलें बुद्धसाम्य मुखावरील शांति व मिटलेले नेत्र यांपुरतेंच घ्यावें, असें आमचें मत आहे.

मग ही भारतीय छटा आली कोठून? पोर्तुगीजांनीं गोवें इ. स. १५१० त घेतलें. इ. स. १५६७ च्या तेथील पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनें हिंदु कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा करवून घेण्यास मनाई केली. जें घडतच नाहीं त्यास मनाई कोण करील? विषय पाद्र्यांचा, हस्तिदंत बहुतांशीं आफ्रिकेचा, हात येथला. वाङ्मयांतही याच काळीं असेंच घडलें. फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण इ. स. १६१६ त रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांतील कथा बायबलाची, पण भाषा मराठी व छंद ओवीचा.

संग्राहकांस एवढीच विनंति. या मूर्ति पुष्कळदां निरनिराळ्या तुकड्यांनीं जोडलेल्या असतात. कडेच्या फांद्या व माथ्यावरील परमपित्याची प्रतिमा बहुधा गळून गेलेली असते; मागें उरतात तीं छिद्रें. तीं बुजवूं नयेत, कारण हरवलेल्या भागांची साक्ष त्यांतच आहे. बैठक ‘निराळी वस्तु’ म्हणून वेगळी काढूं नये. गोव्याचें ख्रिस्ती कलेचें संग्रहालय इ. स. १९९४ त रायतूर येथें निघालें व इ. स. २००२ त जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत आलें; तेथील हस्तिदंती काम ताडून पाहण्याजोगें आहे. डोंगरावांचूनचें बालक हें पोथीचें सुटें पान होय. पोथीचा पत्ता लागेपर्यंत त्यास दुसरें नांव देऊं नये.