वाय-फाय लागत नाही? आधी कार्डाचा नंबर पाहा



मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. पुष्कळ जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही. अशा लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली, तर तो वसतिगृहातील मुलांच्या अभ्यासाला आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो. पण कधी कधी लिनक्स टाकल्यावर बाकी सगळे चालते, फक्त वाय-फाय दिसत नाही. मग "मशीन बिघडले" असे समजून लॅपटॉप कपाटात पडून राहतो. खरे तर अनेकदा तो बिघडलेला नसतोच.

लॅपटॉपच्या आत वाय-फायचे एक छोटे कार्ड असते. त्यावरची चिप आणि संगणक यांच्यामध्ये ड्रायव्हर हा दुभाषी असतो. योग्य दुभाषी हवा असेल, तर समोरचा कोणती भाषा बोलतो हे आधी कळले पाहिजे. लॅपटॉपवरचे कंपनीचे नाव इथे पुरत नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्येही वेगवेगळी कार्डे असू शकतात.

खरी ओळख असते कार्डाच्या नंबरात. हा नंबर दोन भागांचा असतो आणि मध्ये अपूर्णविरामासारखे चिन्ह असते. पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा, दुसरा त्या चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल (त्यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच हा आकडा), १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक.

नंबर पाहण्यासाठी लिनक्समध्ये टर्मिनल उघडा. लहान इंग्रजी अक्षरांत एल, एस, पी, सी, आय हे जोडून लिहा. मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला जोडून एन, एन, के लिहा व एंटर दाबा. आलेल्या यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' ही ओळ शोधा. तिथे चौकटी कंसांत आकडे दिसतील; त्यांतला मध्ये दोन टिंबे असलेला नंबर आपला. यूएसबीला लावायचे वाय-फाय असेल, तर एल, एस, यू, एस, बी एवढेच लिहावे.

नावापेक्षा नंबर का महत्त्वाचा, याचे एक उदाहरण पाहा. ब्रॉडकॉमच्या बीसीएम ४३१२ या चिपचा नंबर आहे १४ई४:४३१५. उलट १४ई४:४३१२ हा नंबर बीसीएम ४३११ या दुसऱ्याच चिपचा! नुसत्या नावावर विसंबले, तर चुकीचा उपाय हाती येतो.

त्याच यादीत खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का, तेही पाहा. ती नसेल, तर चिपला ड्रायव्हर जोडला गेलेला नाही. ती असेल, तर अडचण बहुधा दुसरीकडे आहे. त्या वेळी 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्या. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' आले, तर लॅपटॉपवरचे वाय-फायचे बटण बंद असण्याची शक्यता आहे.

काही चिपना फर्मवेअर नावाची आणखी एक फाइलही लागते. वर सांगितलेल्या बीसीएम ४३१२ साठी बी४३ हा खुला ड्रायव्हर लिनक्समध्येच आहे, पण परवान्याच्या अडचणीमुळे तिचे फर्मवेअर वेगळे उतरवावे लागते. त्यासाठी इंटरनेट हवे, आणि वाय-फाय तर बंद! अशा वेळी लॅनची केबल लावावी, किंवा मोबाइल यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे.

एक विनंती. जुना लॅपटॉप देण्यापूर्वी त्यावर विंडोज असतानाच 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. वाय-फाय कार्डाच्या 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे 'व्हेन' आणि 'डेव्ह' या अक्षरांपुढे हेच दोन भाग दिसतील. ते कागदावर लिहून लॅपटॉपसोबत द्या. लिनक्स टाकून देणाऱ्याचा बराच वेळ वाचेल, आणि मुलांच्या हाती चालू स्थितीतला लॅपटॉप लवकर पडेल.